आधी तिला विचारा

लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं, गेलं तर चार थेंब होतात आणि ओटीपोटात कळ येते, अशी तक्रार घेऊन बाई दवाखान्यात गेली की बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर मिनिटभरात तिच्या हातात पाच दिवसांच्या गोळ्यांची चिठ्ठी पडते आणि सोबत जळजळ शमवणारं बाटलीतलं औषध. नाही तर तिला लघवी तपासायला पाठवतात. दोन-तीन दिवसांनी कागद येतो, त्यावर ‘नो ग्रोथ’ असं छापलेलं असतं आणि डॉक्टर म्हणतात, ‘काही निघालं नाही, पाणी भरपूर प्या.’ पहिलीला कदाचित गरज नसलेलं औषध मिळालं, दुसरीला कदाचित गरजेचं औषध मिळालं नाही. या दोन चुका एकमेकींच्या उलट दिसतात. माझ्या मते त्या एकाच कारणातून होतात. दोन्ही ठिकाणी बाईला नीट विचारलेलं नाही.

मूत्रमार्गाचा संसर्ग किरकोळ समजला जातो, त्यामुळे त्याच्या निदानाचा विचार फारसा कोणी करत नाही. पण साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो आणि त्यातल्या बऱ्याच जणींना पुन्हा पुन्हा होतो. कारण शरीररचनेत आहे. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर लांब असतो, पुरुषाचा वीसच्या आसपास. गुदद्वाराजवळ वावरणारे आतड्यातले जंतू हे छोटं अंतर सहज पार करून मूत्राशयात पोचतात. साध्या संसर्गात चारपैकी तीन वेळा तरी सापडतो तो ई. कोलाय हा जंतू, आणि तो त्या बाईच्याच आतड्यातला असतो. सार्वजनिक शौचालयाच्या भांड्यावरून हा आजार लागतो, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. तिच्या जोडीला ‘स्वच्छता पाळत नाही’ हा ठपकाही येतो. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्या बाईलाही हा संसर्ग होतो, हे डॉक्टरांनी तरी तिला स्पष्ट सांगायला हवं. उन्हात फिरली म्हणून उन्हाळी लागली, असं म्हणून घरात धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा सुरू होतो. त्याने पाणी पोटात जातं, तेवढा फायदा होतो. पण तीन दिवस त्यातच गेले आणि चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप आला, अशाही बायका असतात.

निदान कसं करायचं याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे गेली सत्तर वर्षं एका आकड्याच्या रूपात आहे, एक मिलिलिटर लघवीत एक लाख जंतू. कोणत्याही लॅबच्या रिपोर्टवर तो आजही दिसतो. तो आला कुठून हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनला एडवर्ड कास नावाचे डॉक्टर एका खऱ्या अडचणीवर उत्तर शोधत होते. लघवी शरीराबाहेर पडताना त्वचेवरचे आणि योनीमुखाशी असलेले जंतू तिच्यात मिसळतात. मग लॅबमध्ये वाढलेले जंतू मूत्राशयातले की वाटेत मिसळलेले, हे ओळखायचं कसं? कास यांनी जंतू मोजले. मूत्रपिंडापर्यंत संसर्ग पोचलेल्या, ताप असलेल्या बायकांच्या लघवीत ते एक लाखाच्या वर सापडत. त्याखालची मोजणी बहुधा भेसळीची निघे. कसलीच तक्रार नसलेल्या बायकांमध्येही खरा जंतुसंचय आणि भेसळ यांच्यातली सीमा याच आकड्याने आखता येत होती. काम उत्तम होतं. पण नुसता मूत्राशयाचा संसर्ग झालेली, ताप नसलेली, जळजळीने हैराण झालेली बाई, म्हणजे रोज ओपीडीत येणारी बाई, या हिशेबात नव्हती. आकडा मात्र तिलाही लावला गेला.

लॅबमधल्या टेबलाशी उभं राहून पाहिलं की या आकड्याची मर्यादा डोळ्यांसमोर येते. डबीतली लघवी हलवून एकसारखी करतात. तिच्यात तारेचं किंवा प्लास्टिकचं बारीक कडं, ज्याला लॅबमध्ये लूप म्हणतात, उभं बुडवून बाहेर काढतात. नेहमीच्या लूपवर एक मायक्रोलिटर लघवी चिकटते, म्हणजे एका मिलिलिटरचा हजारावा भाग. ती अगारच्या प्लेटवर रेघांनी पसरवतात आणि प्लेट रात्रभर पस्तीस-सदतीस अंशांवर ठेवतात. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटवर जंतूंचे ठिपके दिसतात, मॅकॉन्की अगारवर ई. कोलायचे गुलाबी. ते मोजायचे आणि हजाराने गुणायचे. शंभर ठिपके आले की एक लाख झाले. आता असं धरा, की एखाद्या बाईच्या मूत्राशयात खरा संसर्ग आहे, पण मिलिलिटरमागे जंतू पाचशेच आहेत. हजाराव्या भागात सरासरी अर्धा जंतू येणार. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा प्लेट कोरीच राहणार. रिपोर्टवर ‘नो ग्रोथ’ छापलं जातं तेव्हा त्याचा नेमका अर्थ, त्या एका थेंबाच्या कणभर भागात काही वाढलं नाही, एवढाच असतो. दवाखान्यात तो कागद पोचेपर्यंत त्याचा अर्थ ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असा झालेला असतो.

शिवाय जंतू कमी सापडायला आजारच मदत करतो. मूत्राशयात लघवी साठली तर जंतूंना वाढायला वेळ मिळतो. दर वीस मिनिटांनी संडास गाठणाऱ्या बाईच्या मूत्राशयात ती साठतच नाही, म्हणून सर्वांत जास्त त्रास असणाऱ्या बाईची मोजणी कमी येऊ शकते. त्यात तिने घरच्यांच्या सांगण्यावरून तांब्याभर पाणी पिऊन नमुना दिलेला असतो. पट्टीवरच्या चाचणीचंही तेच आहे. जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते पट्टीला कळतं. पण त्यासाठी लघवी मूत्राशयात साधारण चार तास राहावी लागते, आणि एन्टेरोकोकससारखे काही जंतू नायट्राइट करतच नाहीत. मेडिकलमधून आणलेली एखादी गोळी नमुना देण्याआधी पोटात गेली असेल, तर कल्चर, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून पाहण्याची ही तपासणी, कोरं येण्याची शक्यता आणखी वाढते.

ही शंका कुणा एकट्याची नाही. अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये वॉल्टर स्टॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये जळजळीची तक्रार असलेल्या बायकांच्या मूत्राशयातून सुईने किंवा नळीने थेट लघवी घेतली आणि ती बाहेर पडलेल्या लघवीशी ताडून पाहिली. मूत्राशयात खरोखर ई. कोलाय किंवा त्याच्या कुळातले जंतू असलेल्या बायकांपैकी एक लाखाच्या निकषाने जेमतेम ५१ टक्के ओळखता आल्या. उरलेल्या जवळपास निम्म्या ‘नॉर्मल’ ठरल्या असत्या. स्टॅम यांनी तक्रार असलेल्या बाईसाठी शंभराचा निकष सुचवला. तोवर पंचवीस वर्षं अशा बायकांना ‘युरेथ्रल सिंड्रोम’ हे लेबल लावलं जात होतं आणि त्यातल्या कितीतरी जणींना आजार मनाचा असल्याचं सांगितलं जात होतं. २०१३ मध्ये थॉमस हूटन यांच्या गटाने मधल्या धारेची, म्हणजे पहिली धार सोडून घेतलेली, आणि नळीने काढलेली लघवी पुन्हा शेजारी ठेवून पाहिली. मधल्या धारेत ई. कोलाय अगदी थोडे सापडले तरी मूत्राशयात ते बहुधा असतात, आणि एन्टेरोकोकस किंवा ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस सापडले तर मूत्राशयात ते बहुधा नसतात, असं त्यात दिसलं. जंतू कोणता आणि तो कुणाच्या लघवीत सापडला, याला संख्येपेक्षा जास्त महत्त्व आहे.

पट्टीवर काहीही न आलेल्या, पण तक्रार असलेल्या बायकांवर न्यूझीलंडमध्ये एक छोटी चाचणी झाली. ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. काहींना अँटिबायोटिक दिलं, काहींना औषध नसलेली गोळी. औषध मिळालेल्यांची जळजळ साधारण तीन दिवसांत थांबली, दुसऱ्या गटाची पाच दिवसांत. काही संसर्ग नसताच, तर हा फरक पडला नसता. २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी तक्रार असलेल्या बायकांच्या लघवीची जनुकीय तपासणी केली. कल्चरमध्ये ई. कोलाय सुमारे ८१ टक्क्यांत सापडला होता, जनुकीय चाचणीत तो ९६ टक्क्यांत सापडला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवायला हवी. कसलीच तक्रार नसलेल्या बायकांपैकीही दहातल्या एकीच्या लघवीत हाच जंतू होता.

म्हणून मी रिपोर्टवर अविश्वास ठेवा असं म्हणत नाही. रिपोर्टवरचा फाजील विश्वासही तितकंच नुकसान करतो आणि आपल्याकडे ते वाढत चाललं आहे. निरोगी माणसाची लघवी निर्जंतुक असते, हे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. शिकागोच्या लॉयोला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ नंतर जास्त लघवी, जास्त वेळ आणि वेगळं वातावरण वापरून कल्चर केलं, तेव्हा तक्रार नसलेल्या बायकांच्या मूत्राशयातही अनेक जंतू नांदताना दिसले. चाचणी जितकी सूक्ष्म, तितके ते जास्त दिसणार. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजमध्ये सत्तरीच्या आजींची लघवी तपासली जाते, ‘पस सेल्स’ म्हणजे पुवाच्या पेशी पंधरा-वीस येतात, पुढे कल्चरमध्ये ई. कोलाय एक लाखाच्या वर. आजींना काहीही होत नसतं. तरी मुलगा काळजीने कागद घेऊन जातो आणि आजींच्या पोटात अँटिबायोटिक पडतं. वय वाढतं तसं असं लक्षणांविना जंतू असणं वाढतं. वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांत ते चौथ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत आढळतं. त्यांना औषध देऊन आयुष्य वाढत नाही आणि पुढचा संसर्ग टळत नाही. इटलीतल्या एका अभ्यासात वारंवार संसर्ग होणाऱ्या तरुण बायकांना लक्षणं नसताना औषध दिलं, तर पुढच्या वर्षात त्यांना संसर्ग जास्त वेळा झाला. निरुपद्रवी जंतू हटवले की त्यांची जागा उपद्रवी जंतू घेतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

रिपोर्टच्या कागदावर एक ओळ असते, ती फारसं कोणी वाचत नाही. ‘एपिथेलियल सेल्स’. या पेशी भरपूर आल्या असतील तर नमुन्यात बाहेरच्या त्वचेचा आणि स्रावाचा अंश आला, असं समजावं. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र वाढले असतील तरीही तेच. अशा वेळी औषध लिहिण्यापेक्षा नमुना पुन्हा घेणं बरं. नमुना कसा द्यायचा हे बाईला कोणी सांगतच नाही. काउंटरवरून डबी पुढे सरकते आणि बोट संडासाच्या दिशेने जातं. आतली घडी दोन बोटांनी बाजूला करायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली डबीत घ्यायची, डबीच्या आत हात लावायचा नाही. सांगायला अर्धं मिनिट लागतं. पुढचा घोटाळा वाहतुकीचा. नमुना दोन तासांत लावला पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवला पाहिजे. ई. कोलाय उबेत अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतो. विदर्भात मे महिन्यात सकाळी घेतलेली डबी संध्याकाळच्या गाडीने शहरातल्या लॅबला गेली, तर वाटेत काय होत असेल याचा हिशेब सहज करता येतो.

लक्षणं नसताना तपासायची आणि जंतू निघाले तर औषध द्यायचं, अशी एक ठळक जागा आहे, ती म्हणजे गरोदरपण. लक्षणांविना असलेले जंतू गरोदर बाईच्या मूत्रपिंडापर्यंत जाण्याचा धोका मोठा असतो, आणि हे दाखवून देण्यातही कास यांचा वाटा मोठा होता. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात मधल्या धारेच्या लघवीचं कल्चर करावं अशी शिफारस केली. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मात्र गरोदर बाईच्या लघवीत प्रामुख्याने प्रथिनं आणि साखर पाहिली जाते. जिथे कल्चरची खरी गरज आहे तिथे ते होत नाही आणि जिथे गरज नाही तिथे पॅकेजमध्ये होतं, ही आपल्याकडची स्थिती आहे.

मग निदान करायचं कशावर? २००२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात यावर आधीच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. मूत्रमार्गाचं एखादं लक्षण घेऊन आलेल्या बाईला संसर्ग असण्याची शक्यता साधारण निम्मी असते. तीच बाई जळजळ होते आणि सारखं जावं लागतं असं सांगत असेल, आणि अंगावरून पांढरं जात नाही, खाज नाही असंही सांगत असेल, तर ती शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. एवढं वजन पट्टीच्या चाचणीलाही नाही. आणि ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्या बायका स्वतः किती अचूक असतात, हेही तपासलं गेलं आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ‘मला पुन्हा झालंय’ असं बाईने स्वतः ओळखलेल्या १७२ वेळांपैकी ८४ टक्के वेळा कल्चरने तिला दुजोरा दिला.

विचारणं फुकट आहे, यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. तरी ते होत नाही, कारण आपल्या दवाखान्यांची मांडणीच तशी नाही. तालुक्याच्या गावातली सकाळी अकराची ओपीडी पाहा. टेबलाशी एक पेशंट, स्टुलावर दुसरा, दारात तिसरी, पडदा अर्धा ओढलेला. स्टुलावर महिन्याभरापूर्वी लग्न झालेली मुलगी, तिच्या खांद्याशी सासू. डॉक्टर मुलीला विचारतात, ‘काय होतंय?’ उत्तर सासू देते, ‘हिला उन्हाळी लागलीय, कालपासून सारखी पळतेय.’ मुलगी मान हलवते. आता या मुलीला विचारायला हवं, की आग लघवी सुटताना आत होते की बाहेरच्या त्वचेला लघवी लागली की होते. आत होत असेल तर मूत्राशयाकडे बोट जातं, बाहेर होत असेल तर योनीमुखाच्या दाहाकडे. अंगावर पांढरं जातं का, खाज आहे का, वास येतो का? पाळी कधी आली? संबंध कधीपासून सुरू झाले? तरुण बायकांत या संसर्गाचा सर्वांत ठळक संबंध नुकत्याच आलेल्या शरीरसंबंधाशी असतो, आणि त्यात त्या मुलीची काही चूक नसते, हेही तिला सांगावं लागतं. चार माणसांसमोर यातला एकही प्रश्न विचारता येत नाही. पण ‘काकू, तुम्ही दोन मिनिटं बाहेर बसा, हिला तपासायचंय’ हे एक वाक्य म्हणणारे डॉक्टर आणि सिस्टर आहेत, आणि त्यांच्याकडे याच मुली सगळं सांगतात.

प्रश्न न विचारता गोळी दिली तर काय काय निसटतं, ते मोजून पाहावं. योनीतल्या बुरशीचा किंवा जंतूंचा दाह निसटतो आणि अँटिबायोटिकने बुरशी उलट वाढते. क्लॅमिडियासारखा लैंगिक संसर्ग निसटतो, त्यात पस सेल्स असतात आणि साधं कल्चर कोरं येतं. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन अशा गोळ्या आता आपल्याकडे सर्रास दिल्या जातात. त्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात आणि त्यामुळे जननेंद्रियांच्या जागी बुरशी वाढण्याचा धोका वाढतो. ‘शुगरची कोणती गोळी चालू आहे?’ एवढं विचारलं तरी अर्धं निदान होतं. पाळी गेलेल्या बाईत इस्ट्रोजेन कमी होऊन योनीचं अस्तर पातळ पडतं, कोरडेपणा आणि आग होते, आणि संसर्गही वारंवार होतो. १९९३ मध्ये रॅझ नावाचे संशोधक आणि वर उल्लेख आलेले स्टॅम यांनी अशा बायकांना योनीत लावायचं इस्ट्रिऑलचं मलम देऊन पाहिलं. औषध नसलेलं मलम मिळालेल्यांना वर्षाला सरासरी सहाच्या आसपास वेळा संसर्ग झाला, इस्ट्रिऑल मिळालेल्यांना वर्षाला सरासरी अर्धा, म्हणजे दोन वर्षांत एक. हे औषध सोपं आहे, जुनं आहे, आणि पन्नाशी-साठीच्या कितीतरी बायकांना त्याबद्दल कोणी सांगितलेलंच नाही, कारण कोरडेपणाबद्दल त्यांना कोणी विचारत नाही.

आणि क्षयरोग. लघवीत पस सेल्स भरपूर, कल्चर पुन्हा पुन्हा कोरं, औषधाचे कोर्स होऊनही त्रास तोच, वजन उतरतंय, असं चित्र आपल्या देशात दिसलं तर मूत्रमार्गाचा क्षय शोधलाच पाहिजे. साध्या प्लेटवर क्षयाचा जंतू रात्रभरात वाढत नाही. यात जास्त काळजीची बाब अशी, की लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी औषधं क्षयाच्या जंतूवरही थोडं काम करतात. अंदाजाने दिलेल्या प्रत्येक कोर्सने बाईला तात्पुरतं बरं वाटतं आणि खरं निदान आणखी काही महिने पुढे ढकललं जातं.

यावर एक वाजवी आक्षेप आहे. लक्षणांवर निदान होत असेल तर बाईने मेडिकलमधून गोळी घेतली यात बिघडलं काय? इंग्लंडमध्ये २०२४ पासून औषध दुकानातले फार्मासिस्टच १६ ते ६४ वयाच्या बायकांना साध्या संसर्गावर औषध देऊ लागले आहेत. पण तिथे ते ठरलेले प्रश्न विचारतात. जळजळ, रात्री उठावं लागणं आणि गढूळ लघवी यांपैकी किमान दोन गोष्टी आहेत का, योनीचा त्रास आहे का, ताप, गरोदरपण, वारंवार होणं आहे का. ठरलेलं औषध देतात आणि नोंद ठेवतात. आपल्याकडे काउंटरवर ‘लघवीची गोळी द्या’ म्हटलं की हाताला लागेल ती स्ट्रिप कात्रीने कापून मिळते. सेफिक्झिमसारखी औषधं २०१३ च्या अधिसूचनेने शेड्यूल एच-१ मध्ये गेली आणि त्यांच्या विक्रीची नोंदवही ठेवणं बंधनकारक झालं, तरी ती चिठ्ठीशिवाय मागणाऱ्याला मिळतात हे आपण सगळे जाणतो. परिणाम समोर आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रुग्णालयांमधल्या जाळ्यात तपासलेल्या ई. कोलायपैकी निम्म्याहून जास्त सिप्रोफ्लॉक्सॅसिनला आणि सेफलोस्पोरिनच्या तिसऱ्या पिढीला दाद देत नाहीत. नायट्रोफ्युरॅन्टॉइन आणि फॉस्फोमायसिन ही जुनी औषधं मूत्राशयाच्या संसर्गावर अजून बऱ्यापैकी चालतात आणि परिषदेच्या उपचारसूत्रांतही ती आहेत. मात्र ही आकडेवारी ज्यांचं कल्चर झालं अशा, म्हणजे मोठ्या रुग्णालयांत आलेल्या, आधीच औषधं घेऊन थकलेल्या रुग्णांची आहे. गावातल्या पहिल्यांदा त्रास झालेल्या बाईचा जंतू एवढा चिवट असेलच असं नाही. तरी डॉक्टर हे आकडे पाहून तिलाही जास्त जोरकस औषध लिहितात, आणि पुढच्या वर्षी आकडे आणखी वाईट येतात.

साध्या संसर्गात थोडं थांबताही येतं. जर्मनीतल्या एका चाचणीत आयबुप्रोफेन घेतलेल्या बायकांपैकी दोन तृतीयांश अँटिबायोटिकशिवाय बऱ्या झाल्या. त्या गटात त्रास जास्त दिवस राहिला आणि मूत्रपिंडाचा संसर्ग काही जास्त जणींना झाला, म्हणून ही वाट सगळ्यांसाठी नाही. पण फोनवर परत विचारपूस करणारा डॉक्टर असेल, तर दोन दिवस थांबण्याचा पर्याय बाईसमोर ठेवता येतो. निवड तिची.

बाईला न विचारण्याचा हा दोष फक्त या आजारापुरता नाही, आणि तो आपल्याला महाराष्ट्रातच मोजून दाखवला गेला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांमधला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, एकेकीला सरासरी तीनहून जास्त. त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या बायका शंभरात जेमतेम आठ होत्या. आपल्या बायका सहन करतात असं आपण अभिमानाने म्हणत आलो. त्या अभ्यासाने दाखवलं की त्यांना कोणी विचारलेलंच नव्हतं.

विचारण्यात एक प्रश्न शौचालयाचा असायला हवा. ‘दिवसभरात पाणी किती पिता?’ याचं उत्तर बाईच्या कामाच्या जागेवर अवलंबून असतं. भाजी विकणारी, ऊस तोडणारी, बंदोबस्तावरची पोलीस, एसटीची कंडक्टर, बिनसंडासाच्या शाळेतली शिक्षिका, या सगळ्या पाणी कमी पितात, कारण जायला जागा नाही. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार संसर्ग होणाऱ्या बायकांनी रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायलं, तर वर्षभरातला संसर्ग जवळपास निम्म्यावर येतो, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसलं. मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची चळवळ झाली ती यासाठीच, की पुरुषांना मुतारी फुकट होती आणि बायकांना पैसे मोजावे लागत होते. डॉक्टरने ‘पाणी भरपूर प्या’ म्हणून चिठ्ठी संपवली आणि ती पाणी पिऊन जाणार कुठे हे विचारलं नाही, तर तो सल्ला त्या बाईच्या काही कामाचा नाही.

जनरल प्रॅक्टिस करणाऱ्या डॉक्टरांना माझी विनंती आहे, की या तक्रारीसाठी पेशंटला दोन मिनिटं एकटीला द्या. ताप नाही, गरोदर नाही, अंगावर जात नाही, जळजळ आणि सारखं जावंसं वाटणं नवीन आहे, असं असेल तर कल्चरची वाट न पाहता नेमकं औषध कमी दिवसांसाठी द्या. गरोदर असेल, ताप किंवा कुशीत दुखणं असेल, सहा महिन्यांत दुसऱ्यांदा झालं असेल, औषधाने उतरलं नसेल, तर कल्चर कराच आणि पहिली गोळी देण्याआधी नमुना घ्या. काहीही होत नसलेल्या आजींच्या रिपोर्टवर औषध लिहू नका.

आणि वाचणाऱ्या बाईला सांगायचं आहे, की दवाखान्यात जाताना चार गोष्टी मनाशी जुळवून जा. जळजळ आत होते की बाहेर, अंगावरून जातं का, याआधी कधी झालं होतं आणि तेव्हा कोणती गोळी घेतली, आता कोणती औषधं चालू आहेत. कोणी विचारलं नाही तरी सांगा. सोबतच्या माणसासमोर बोलता येत नसेल तर ‘मला एकटीला बोलायचंय’ असं सिस्टरला सांगा. रिपोर्ट कोरा आला आणि त्रास तसाच असेल तर तो कागद घेऊन परत जा आणि पुढे काय तपासायचं ते विचारा. थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा दिवस गेलेले असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका.